वर, उःशाप आणि नुकसानभरपाई

ज्याला मराठीत सोयीस्कर प्रतिशब्द नाही त्या 'उनहाइमलिश' या अनुभवावर फ्रॉइडने १९१९ साली जो निबंध लिहिला, त्यात एका परीकथेचा ओझरता उल्लेख येतो. एका जोडप्याला तीन वर मिळालेले असतात. सॉसेजचा खमंग वास आल्यामुळे बायको सहज बोलून जाते की आपल्यालाही एक मिळाले तर बरे. ते तत्क्षणी तिच्यापुढे येऊन पडते. या उतावीळपणाने चिडलेला नवरा म्हणतो की ते तुझ्या नाकालाच लटको. आणि ते लटकते. फ्रॉइडचे म्हणणे असे की हा प्रकार चमत्कारिक असला तरी त्यात अंगावर काटा आणणारे काहीही नाही. कारण परीकथेने आरंभीच वास्तवाची भूमी सोडलेली असते. मनातल्या इच्छा जगावर सत्ता चालवतात ही आपण मागे टाकलेली समजूत खरी तर नसेल, असा संशय तेथे उद्भवतच नाही.

हे निरीक्षण अचूक आहे. कारणमीमांसा मात्र मला अपुरी वाटते. फ्रॉइडच्या निबंधाच्या सतरा वर्षे आधी, १९०२ मध्ये, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज कथाकाराने हाच तीन वरांचा सांगाडा घेऊन 'द मंकीज पॉ' म्हणजे 'माकडाचा पंजा' ही कथा लिहिली. ती वाचताना हसू येत नाही. परीकथेचे देशकाल काढून तेथे इंग्लंडमधले एक मध्यमवर्गीय घर, पावसाळी रात्र, बुद्धिबळाचा पट आणि शेकोटी आणली की भय आपोआप उत्पन्न होते, असे फ्रॉइडच्या आधारे म्हणता येईल. तोदोरोवने १९७० साली अद्भुताच्या केंद्रस्थानी वाचकाची जी दोलायमानता मानली, तिच्याही आधारे म्हणता येईल. पण केवळ नेपथ्य बदलल्याने हे घडत नाही. दोन्ही कथांत वर कोणत्या मार्गाने फळतो आणि कोणत्या चलनात चुकता होतो, यात जो फरक आहे तो ऐतिहासिक आहे. प्रस्तुत लेखाचा विषय तो फरक हा आहे.

तीन वरांच्या कथेची पाठांतरे युरोपभर आढळतात. आर्ने-थॉम्पसन यांच्या वर्गीकरणात तिला ७५० अ हा क्रमांक आहे. तिचे सर्वांत विचक्षण साहित्यिक रूप माझ्या मते शार्ल पेरोचे आहे. त्याने 'हास्यास्पद इच्छा' या अर्थाच्या शीर्षकाने ही कथा पद्यात रचली आणि ती नोव्हेंबर १६९३ मध्ये 'मर्क्यूर गालाँ' या नियतकालिकात आली. आयुष्याला कंटाळलेला ब्लेझ नावाचा लाकूडतोड्या आपले गाऱ्हाणे मांडतो. हातात वज्र घेतलेला ज्युपिटर प्रकट होऊन त्याला तीन वर देतो आणि नीट विचार करून मागण्यास बजावतो. घरी येऊन ब्लेझ बायकोला, फॅन्शोनला, सारे सांगतो. दोघेही शहाणपणाने ठरवतात की घाई नको, उद्या पाहू. मग शेकोटीसमोर मद्याचा घोट घेत, पाठ टेकून बसलेला ब्लेझ म्हणतो, या निखाऱ्यांवर एक ओनभर बूदँ असते तर काय मजा आली असती! बूदँ म्हणजे डुकराचे रक्त भरलेले आतडे. ओन हे कापड मोजण्याचे माप, सव्वा मीटरहून किंचित कमी. धुराड्याच्या कोपऱ्यातून ते लांबलचक बूदँ सर्पासारखे वळवळत फॅन्शोनच्या दिशेने येऊ लागते. पुढचे आपण जाणतोच.

पेरोने या इच्छेला हास्यास्पद ठरवले आहे. ती कोणाच्या दृष्टीने हास्यास्पद, हा प्रश्न विचारला पाहिजे. कोलबेरच्या हाताखाली राज्याचा कारभार पाहिलेला, फ्रेंच अकादमीचा सदस्य असलेला पेरो दरबारी व नागर वाचकांसाठी लिहीत होता. या मंडळींना आतड्यात भरलेल्या रक्ताचा उल्लेखही ग्राम्य वाटणार याची त्याला जाणीव होती आणि तीच त्याच्या विनोदाची भूमी आहे. परंतु १६९३-९४ हा फ्रान्समधील भीषण दुष्काळाचा काळ आहे. उपासमारीने आणि तिच्यामागून आलेल्या रोगराईने त्या दोन वर्षांत दहा लाखांहून अधिक माणसे मेली. ज्या महिन्यात ही कथा पॅरिसमध्ये वाचली जात होती, त्या महिन्यात प्रत्यक्षातल्या एखाद्या लाकूडतोड्याने ओनभर मांसाची इच्छा केली असती तर त्याला मूर्ख म्हणण्याचे धाडस त्याच्या शेजाऱ्याने केले नसते. रॉबर्ट डार्न्टनने १९८४ च्या आपल्या ग्रंथात फ्रेंच शेतकऱ्यांच्या कथांचा विचार करताना दाखवून दिले आहे की या कथांतील माणसांना इच्छा करण्याची संधी मिळाली की ती बहुधा प्रथम अन्न मागतात. ब्लेझची इच्छा ही भुकेची इच्छा आहे. 'हास्यास्पद' हे विशेषण पोट भरलेल्यांचे आहे. लोककथेतील आशय आणि तिला लिखित रूप देणाऱ्या वर्गाची दृष्टी यांच्यातला हा सांधा पेरोच्या संहितेत स्पष्ट दिसतो.

तरीही या कथेत कोणी मरत नाही. याचे रहस्य तिसऱ्या वरात आहे. दुसऱ्या वराने बूदँ फॅन्शोनच्या नाकाला चिकटल्यावर ब्लेझच्या मनात येते की उरलेल्या एका वरात आपण राजा होऊ शकतो. पण नाकाला बूदँ लोंबणारी राणी सिंहासनावर कशी दिसेल? तो निर्णय तिच्यावर सोपवतो. ती राणीपद नाकारून आपले नाक परत मागते. अर्थात हा संवाद स्त्रीविषयक कुत्सित थट्टेने भरलेला आहे. बूदँमुळे तिला नीट बोलता येत नाही हा फायदाच आहे, असेही ब्लेझच्या मनात येऊन जाते. पण रचनेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की तिसरा वर दोघांच्या संमतीने मागितला जातो आणि तो पूर्वस्थिती जशीच्या तशी परत देतो. सायंकाळी जे दरिद्री जोडपे होते तेच रात्री उरते. मिळाले काही नाही आणि गेलेही काही नाही.

आपल्या परंपरेत यासाठी एक नेमका शब्द आहे, उःशाप. वर, शाप आणि उःशाप ही त्रयी इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिचे सैद्धान्तिक मोल आपल्या ध्यानात येत नाही. शाप परत घेता येत नाही, पण त्याला अंत लावता येतो. त्यासाठी शाप देणाऱ्याशी बोलावे लागते, त्याची करुणा भाकावी लागते. म्हणजे उःशापाला समोर कोणीतरी ऐकणारा असावा लागतो. पुराणांतले वर हे तपश्चर्येने कमावलेले असतात आणि म्हणून त्यांना कराराचे स्वरूप येते; हिरण्यकशिपू वर मागताना एकेक अट घालतो आणि नरसिंह त्या अटींच्या फटीतून येतो. पेरोचा ज्युपिटर इतका कायदेपंडित नाही. पण तोही बोलतो, बजावतो, त्याला चेहरा आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहातील कोळ्याच्या कथेत तर मासा प्रत्येक वेळी समुद्रातून वर येऊन उत्तर देतो, आणि शेवटी कोळ्याची बायको देवच व्हायचे म्हणते तेव्हा त्या दोघांना पुन्हा त्यांच्या जुन्या खोपटात पाठवतो. दंड म्हणून जे मिळते ते म्हणजे आरंभाचीच स्थिती. योलेसने १९३० मध्ये परीकथेच्या मुळाशी भोळी नीतिमत्ता असल्याचे म्हटले, म्हणजे जगात जसे घडावेसे वाटते तसे तेथे घडते. या कथांत मागणाऱ्याला सुख मिळत नाही, पण हिशेब मात्र न्याय्य राहतो.

आता जेकब्जच्या घरात येऊ. व्हाइट दांपत्य आणि त्यांचा तरुण मुलगा हर्बर्ट. एकवीस वर्षे हिंदुस्थानात काढून आलेला सार्जंट-मेजर मॉरिस त्यांच्याकडे येतो. त्याच्या खिशात माकडाचा वाळवलेला पंजा आहे. एका फकिराने तो मंतरलेला आहे. तीन माणसांना प्रत्येकी तीन इच्छा. पहिल्या माणसाने तिसऱ्या इच्छेत मरण मागितले. मॉरिसचे तीनही वर झालेले आहेत, ते काय होते हे तो सांगत नाही. तो पंजा शेकोटीत टाकतो. म्हातारा व्हाइट झटकन काढून घेतो. काय मागावे हेच त्याला सुचत नाही, कारण हवे ते सगळे आपल्याजवळ आहे असे त्याला वाटते. हर्बर्ट सुचवतो: घर मोकळे झाले की तुम्ही सुखी व्हाल ना? मग दोनशे पौंड मागा, तेवढ्यात भागेल.

ही रक्कम हा या कथेतील सर्वांत आधुनिक तपशील आहे. परीकथेत कोणी नेमकी रक्कम मागत नाही. राज्य मागतात, सोन्याची रास मागतात, बूदँ मागतात. दोनशे पौंड हा आकडा घरावरच्या देण्यातून आलेला आहे. म्हणजे इच्छेचे माप आधीच कर्जाने ठरवून ठेवले आहे. व्हाइटच्या मागणीत हाव नाही. परीकथेच्या नीतीने पाहिले तर असा विवेकी मागणारा सुखी व्हायला हवा. (जेकब्ज १८९९ पर्यंत पोस्टाच्या बचत बँकेत कारकून होता. लहान माणसांच्या आयुष्यात नेमक्या रकमेला काय अर्थ असतो हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.) इच्छा उच्चारताच पंजा हातात सापासारखा वळवळला असे व्हाइट सांगतो. पेरोचे बूदँही सापासारखेच आले होते. जेकब्जने पेरो समोर ठेवला असेल असे मला सुचवायचे नाही. पण पेरोच्या कथेत सर्पगतीने येणारी वस्तू हीच इच्छेची पूर्ती होती, आणि येथे वळवळ होते, हाती मात्र काहीच पडत नाही. खोलीत पैसे नाहीत. सगळे झोपायला जातात.

दुसऱ्या दिवशी जे घडते त्यात अतिमानुष असे काहीच नाही. हर्बर्ट कामावर जातो. मॉ अँड मेगिन्स या कंपनीचा एक नीटनेटका माणूस फाटकाशी घुटमळतो आणि आत येऊन सांगतो की हर्बर्ट यंत्रात सापडला. ('मॉ' या इंग्रजी शब्दाचा अर्थ जबडा, हा योगायोग नसावा.) कंपनी कोणतीही जबाबदारी स्वीकारत नाही, पण हर्बर्टच्या सेवेची जाणीव ठेवून काही रक्कम भरपाई म्हणून देऊ इच्छिते. किती, असे म्हातारा कोरड्या ओठांनी विचारतो. उत्तर दोनशे पौंड असे येते.

या प्रवेशाची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. कंपनीची सहानुभूती कळवताना आणि भरपाई देऊ करताना तिचा प्रतिनिधी जे इंग्रजी क्रियापद वापरतो ते 'इच्छिणे' हेच आहे, म्हणजे तोवर पंज्यासाठी राखून ठेवलेले. कार्यालयीन शिष्टाचाराचा तो रूढ शब्द आहे, वाचक तो ओलांडून पुढे जातो. पण कथेत प्रथमच येथे माणूस नसलेला कोणी इच्छा करतो. आणि तो प्रतिनिधी सांगतो की मी केवळ आज्ञा पाळतो आहे. पंजा मुका आहे, फकीर केव्हाच दूर राहिला, कंपनीला चेहरा नाही आणि जो चेहरा समोर आहे तो स्वतःच्या वतीने बोलत नाही. येथे उःशाप कोणाकडे मागायचा?

या प्रसंगामागे एक कायदा उभा आहे. ब्रिटनच्या पार्लमेंटने १८९७ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा केला. तो १ जुलै १८९८ पासून अंमलात आला. तोपर्यंत अपघातात मालकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बहुतेक वेळा कामगारावर वा त्याच्या वारसांवर पडत असे. नव्या कायद्याने कारखाने, खाणी, रेल्वे अशा ठरावीक उद्योगांत दोषाचा प्रश्न बाजूला ठेवून भरपाई देणे मालकावर बंधनकारक केले. मृत्यू झाल्यास, पूर्णपणे त्याच्यावर अवलंबून असलेल्या वारसांना मागील तीन वर्षांचे वेतन किंवा १५० पौंड यांपैकी अधिक असेल ती रक्कम, मात्र ३०० पौंडांच्या मर्यादेत. जेकब्ज कथेत या कायद्याचे नाव घेत नाही आणि कंपनीही असा काही कायदा नसल्यासारखी, औदार्याच्या सुरात बोलते. पण १९०२ च्या वाचकाला मेलेल्या कामगाराची किंमत ठरवण्याची ही रीत नवी आणि परिचित होती. दीडशे ते तीनशे यांच्या दरम्यानचा दोनशे हा आकडा त्याला अद्भुत वाटण्याचे कारण नव्हते. उलट तो अगदी संभाव्य होता, आणि भय या संभाव्यतेतून उत्पन्न होते. बूदँ धुराड्यातून आले तेव्हा निसर्गाचा नियम मोडला. दोनशे पौंड आले तेव्हा एकही नियम मोडला नाही. यंत्र, मृत्यू, कंपनीचा शिष्टाचार आणि कायद्याचा हिशेब यांनी मिळून इच्छा पूर्ण केली. जादू आणि कार्यकारणभाव यांच्यात निवड करण्याची तोदोरोवने सांगितलेली द्विधा अवस्था येथे आहे खरी. तथापि दोन्ही पर्यायांत रक्कम तीच राहते, हे तोदोरोवच्या चौकटीत सामावत नाही.

याच संदर्भात पंज्याच्या जन्मभूमीचा विचार करणे आवश्यक ठरते. मॉरिसच्या सांगण्याप्रमाणे फकिराला हे दाखवायचे होते की माणसाचे आयुष्य दैवाच्या ताब्यात असते आणि त्यात ढवळाढवळ करणारा दुःख ओढवून घेतो. हिंदुस्थान म्हणजे दैववाद, हे वसाहतकाळातील इंग्रजी लेखनातले ठरीव समीकरण. ते कथेच्या फार उपयोगी पडते, कारण इंग्लंडमधल्या कारखान्यात घडलेल्या मृत्यूचे उत्तरदायित्व दूरच्या एका 'पवित्र पुरुषा'वर टाकता येते. कंपनी जबाबदारी नाकारते आणि कथेची अद्भुत चौकट ती जबाबदारी पूर्वेकडे पाठवून देते. योगायोग असा की विद्वत्क्षेत्रातही अशीच दिशा दाखवली जात होती. थेओडोर बेन्फायने १८५९ मध्ये पंचतंत्राच्या जर्मन अनुवादाला जोडलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत युरोपीय कथांचे मूळ बहुतांशी भारतात असल्याचे प्रतिपादन केले. जोसेफ बेदिएने १८९३ मध्ये फाब्लिओंवरील ग्रंथात या मतावर जोरदार हल्ला चढवला, आणि त्यासाठी त्याने तपासलेल्या कथांत संत मार्टिनच्या चार वरांची कथाही होती. म्हणजे जेकब्ज आपला पंजा हिंदुस्थानातून आणत होता तेव्हा वराच्या कथेचे मूळ हिंदुस्थानात शोधावे की शोधूच नये, हा युरोपात चालू असलेला वाद होता.

मग आपल्याकडची वराची कथा काय सांगते? पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात मंथरक नावाच्या विणकराची गोष्ट आहे. माग मोडला म्हणून तो लाकडासाठी शिंशपेचे झाड तोडू जातो. झाडावर राहणारा व्यंतर ते वाचवण्यासाठी त्याला वर देऊ करतो. न्हावी मित्र म्हणतो, राज्य माग. बायको म्हणते, राज्यात कटकटी फार. आणखी एक डोके आणि दोन हात माग, म्हणजे पुढे एक आणि मागे एक अशी दोन वस्त्रे विणता येतील, एकाच्या पैशात घर चालेल आणि दुसऱ्याच्या पैशात समाजात मान राहील. मंथरक तसे मागतो. गावात शिरताच लोक त्याला राक्षस समजून काठ्या-धोंड्यांनी ठार करतात.

ही इच्छा व्हाइटच्या इच्छेइतकीच हिशेबी आहे. श्रम करणाऱ्याने आपल्या उत्पादनशक्तीची दुप्पट मागितली आहे. तिला मूर्खपणा म्हणण्यात ब्राह्मण निवेदकाचा विणकराकडे आणि स्त्रीकडे पाहण्याचा दृष्टिकोन आहे, जसा 'हास्यास्पद'मध्ये पेरोचा होता. पण माझ्या मुद्द्याला महत्त्वाची आहे ती या कथेची जागा. डोक्यावर चक्र फिरत असलेला चक्रधर आणि त्याचा मित्र सुवर्णसिद्धी यांच्या संभाषणात ती येते, आणि त्या संभाषणाचा विषयच मुळी असा आहे की माणसाच्या नाशाला दैव कारण की अविचार. चक्रधर दैवाकडे बोट दाखवतो, सुवर्णसिद्धी मित्राचे वचन न ऐकण्याकडे. मंथरकाची कथा या दुसऱ्या बाजूच्या समर्थनार्थ सांगितलेली आहे. जेकब्जच्या फकिराला वराच्या कथेतून दैव सिद्ध करायचे होते. पंचतंत्रात वराची कथा दैवाच्या युक्तिवादाला उत्तर म्हणून येते. शिवाय मंथरकाला मारणारे हात दिसतात, ते गावकऱ्यांचे आहेत. फकिराच्या मुखी घातलेले तत्त्वज्ञान पूर्वेचे म्हणून खपले असले, तरी मला ते मॉ अँड मेगिन्सच्या अधिक सोयीचे वाटते.

पदव्युत्तर वर्गात ही कथा शिकवताना एक प्रश्न हमखास येतो: व्हाइटने पहिली इच्छाच मागे का घेतली नाही? पेरोचा ब्लेझ तेच तर करतो. व्हाइटजवळ दोन वर शिल्लक होते. प्रश्न भाबडा नाही. दफनानंतर सुमारे आठवड्याने म्हातारीला मध्यरात्री पंजा आठवतो आणि ती मुलगा जिवंत होण्याची इच्छा करायला नवऱ्याला भाग पाडते. तो कचरतो, त्याने ते शरीर पाहिले आहे, कपड्यांवरूनच त्याने ओळखले होते. 'झाले ते न झाल्यासारखे होवो' हे वाक्य दोघांच्याही ओठांवर येत नाही. पैसे घेऊन प्रकरण मिटले की ते मिटले. भरपाईच्या व्यवहारात पूर्वस्थितीला जागाच नसते, गेलेल्या वस्तूऐवजी रक्कम येते एवढेच. म्हातारी जे मागते ते म्हणूनच नव्याने मागितलेले काहीतरी असते, आणि ते दोन मैलांवरच्या दफनभूमीतून चालत येऊन दार ठोठावू लागते.

तिसरी इच्छा काय होती हे जेकब्ज सांगत नाही. म्हातारी खालच्या मजल्यावर दाराचा अडसर काढण्यासाठी धडपडते आहे, म्हातारा अंधारात जमिनीवर चाचपडत पंजा शोधतो आहे, आणि तो सापडताच तो काहीतरी पुटपुटतो. पेरोच्या कथेत तिसरा वर बायकोला विचारून मागितला गेला होता. येथे तो तिच्याविरुद्ध, ती पोहोचण्याच्या आत मागितला जातो. ठोठावणे थांबते. दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा आहे, समोरचा दिवा लुकलुकतो आहे.

दुसरी इच्छा रद्द झाली. पहिली कायम राहिली. कंपनीचा माणूस निघून गेल्यानंतर त्या दोनशे पौंडांचा उल्लेख कथेत पुन्हा येत नाही. घरावरचे देणे फेडले गेले की नाही, हे जेकब्जने लिहिलेले नाही.